दोन डावे पंख

खोली बघायला म्हणून मी घरमालक काकांच्या दारात गेले तेव्हा "या, बसा" असं काही झालं नाही. मी आपण होऊन दिवाणाच्या कडेला टेकायला लागले, तर ते आतूनच ओरडले, "तिथं नका बसू! तिथं फासळ्या वाळून राह्यल्या!"

मी जागच्या जागी खिळले. नुकतीच बदली होऊन मोताळ्याला आलेली मी. इकडे दिवाणावर काय काय वाळत घालतात याची मला कल्पना नव्हती. बघितलं तर वर्तमानपत्रावर लाकडाच्या पातळ, माशाच्या आकाराच्या पट्ट्या ओळीनं मांडलेल्या आणि प्रत्येकीला कपड्यांचा चिमटा लावलेला. "रिमोटच्या विमानाच्या पंखाच्या हायेत," एवढं सांगून ते पुन्हा आत गेले. भाडं, पाणी, विजेचं मीटर हे सगळं मग त्यांच्या बायकोनं, काकूंनी सांगितलं. शेवटी त्यांनी एकच गोष्ट विचारली, "तुमाले शिंका त नाई ना येत? चिकटवताना काही हललं का हे दिवसभर जेवत नाईत."

मला शिंका येत नव्हत्या. वरची खोली मला मिळाली.

काका जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. चिखलीपासून संग्रामपूरपर्यंत जिल्ह्यातला असा तालुका नव्हता, जिथल्या दोन सख्ख्या भावांना त्यांनी एकाच दिवशी नाराज केलं नव्हतं. गाव त्यांना मोजणीसाहेब म्हणे. नोकरी संपली होती, पण मोजणी संपली नव्हती. मी स्कूटी कुठे लावायची याच्या चुन्याच्या रेघा त्यांनी अंगणात मारून दिल्या होत्या, आणि चाक रेघेवर आलं तर संध्याकाळी जिन्याखालून आवाज येई, "मॅडम, अतिक्रमण झालं बरं!"

त्यांना डावं-उजवं असं काही नव्हतंच. सगळं दिशांवर चाले. "मिठाची बरनी उत्तरेले सरकवा," "पंखा पश्चिमेकडून कुरकुर करून राह्यला," आणि जेवताना, अगदी शांतपणे, "पोळी आज पूर्वेकडं जाड झाली." काकू या सगळ्याला सरावल्या होत्या. त्या एकदा मला म्हणाल्या, "लगन झालं तवा हे मले म्हने, तू दक्षिनेकडून चांगली दिसतं. मी आजलोक त्याचा अर्थ लावून राह्यलो." काकू स्वतःबद्दल बोलतानाही "मी जातो, मी करतो" म्हणत. तिकडच्या बायका तसंच बोलतात. मला ते सुरुवातीला गमतीचं वाटे, मग सवयीचं झालं, आणि नंतर माहेरी गेल्यावर मीच एकदा आईला "मी येतो गं" म्हणून मोकळी झाले.

धुऱ्यावरून भांडण झालं की लोक अजूनही त्यांच्याकडे येत. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध, आणि वऱ्हाडात त्याच्यावरून माणूस सख्ख्या काकाशी तीन पिढ्या बोलत नाही. काका दोघांचंही ऐकून घेत आणि म्हणत, "मानूस बोलते, नकाशा सांगते. नकाशा घेऊन या." नोकरीत असताना त्यांनी मोजणीच्या गावी कधी कुणाच्या घरचा चहा घेतला नाही. ज्याच्या घरचा चहा प्यावा त्याच्या बाजूला मोजणीची साखळी झुकते, असं त्यांचं म्हणणं. काकू सांगत की उन्हाळ्यात घरून पाण्याचा कॅनसुद्धा भरून नेत. ही गोष्ट त्या कौतुकानं सांगत की वैतागून, हे त्यांचं त्यांनाही ठरवता येत नसे.

रोज चारच्या सुमाराला गावातले एक शेतकरी येऊन बसत, सगळे त्यांना भाऊ म्हणत. गावाला लागूनच त्यांचं वावर होतं. काकांनी पूर्वी कधीतरी मोजणी केली आणि त्यांचा धुरा दोन हात आत सरकवला. तेव्हापासून भाऊ त्याबद्दल तक्रार करायला म्हणून जे येऊ लागले ते येतच राहिले. आधी अंगणातून ओरडत, मग ओट्यावर बसून, आणि मी पाहिले तेव्हा आतल्या खुर्चीवर बसून चहात बिस्कीट बुडवत. आल्या आल्या ते दोन हातांचा विषय काढत, काका "नकाशा आना" म्हणत, आणि मग दोघं निवांत होत.

विमान पाहून भाऊंनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "फवारनीचं हाय काय हो साहेब? ड्रोन?"

"ड्रोन नाही. लढाऊ विमान हाय. दुसऱ्या महायुद्धातलं. स्पिटफायर."

"हाव, पन मंग फवारते काय?"

"काही फवारत नाही."

भाऊ चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "मंग कायले उडवता?" हा प्रश्न पुढे गावातल्या जवळजवळ प्रत्येकानं विचारला. काकांकडे त्याला उत्तर होतं, पण ते त्यांनी एकदाच, मला दिलं. म्हणाले, "मॅडम, जिंदगीभर खाली मान घालून जमीन पाह्यली. आता जरा वर पाहतो." एवढं बोलून त्यांना स्वतःचंच बोलणं जड वाटलं असावं, कारण लगेच त्यांनी मला माझी स्कूटी रेघेवर असल्याचं सांगितलं.

विमानाचा नकाशा आणि ते हलकं बाल्सा लाकूड त्यांच्या मुलीनं पाठवलं होतं. ती पुण्याला असते. बाबा निवृत्त झाल्यावर आईच्या मागे पोळीच्या दिशा घेऊन लागतील, तेव्हा त्यांना काहीतरी नाद असावा, हा तिचा साधा हिशेब. तो नको इतका बरोबर निघाला. टेबलभर पसरलेला तो नकाशा बघून काका हरखलेच. आयुष्यात पहिल्यांदा असा नकाशा हाती आला होता की ज्याच्यावरून कुणी भांडत नव्हतं.

भांडण पुढे झालं. मुलीला मुलगी झाली, आणि तिनं धोशा लावला की आता दोघं कायमचे पुण्याला या. काकू एका पायावर तयार. नातीचा फोटो त्यांनी देवघरात, बाळकृष्णाच्या शेजारी ठेवला होता आणि आरती दोघांनाही दाखवत. काका मात्र या विषयाला हात लावू देत नसत. शेवटी एकदा व्हिडिओ कॉलवर मुलीनं "बाबा, नक्की कधी?" असं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा हातातली फासळी घासता घासता ते म्हणाले, "विमान उडालं का दुसऱ्या दिवशी निघतो."

फोन लवकर संपावा म्हणून बोलले असतील. पण हा माणूस शब्दाचा असा पक्का, की एकदा भाचीच्या लग्नाला "पाहुन्यायले वाढायले मी हाय" असं बोलून गेले आणि ताप असताना पंगतीत बुंदी वाढत हिंडले. काकूंना हे ठाऊक होतं. त्यांनी ते वाक्य झेललं आणि पदराला गाठ मारली.

त्यानंतर विमान बनण्याचा वेग जो मंदावला, तो बघण्यासारखा होता. एकेक फासळी पॉलिश पेपरनं घासायला चार-चार दिवस. शेपटी लावली, काढली, पुन्हा लावली. कुरिअरनं आलेली मोटर त्यांनी परत पाठवली, कारण तिचा आवाज "ईशान्येकडून" येत होता. काकू दर उन्हाळ्यात ठरवत की यंदा वर्षाच्या कुरड्या-पापड करायचे नाहीत, दिवाळी पुण्यातच आहे. आणि दर दिवाळीला मला दुकानात पाठवून विकतच्या कुरड्या आणवत. विकतची कुरडई तळताना त्या काकांकडे ज्या नजरेनं बघत, त्या तेलात विमानही तळून निघालं असतं.

"पोरी," त्या मला म्हणत, "राइट बंधूयनं सायकलीच्या दुकानात बनवलं म्हंतात. यायले मोजनीचं खातं सोडून पह्यल्यांदाच काही करा लागलं त बघ."

मग पंख बसवायचा दिवस आला. काकांनी विमानाचं धड टेबलावर ठेवलं. काकूंनी हळद-कुंकू लावलं. भाऊ होतेच. मी ऑफिसला उशिरा येईन म्हणून कळवलं होतं. एक पंख बसला, अगदी नखाएवढीसुद्धा फट राहिली नाही. काकांनी दुसरा उचलला, धडाजवळ नेला, आणि थांबले. मग तो पालथा केला. मग उलटा धरला. मग चष्मा पुसला.

पंखाची पुढची कड पुढे आणावी तर त्याचं पोट वर येत होतं. पोट खाली करावं तर पुढची कड मागे जात होती. असं बराच वेळ चाललं. शेवटी भाऊच म्हणाले, "साहेब, एकाच पायाचे दोन जोडे घेतले वाटते तुमी."

काकांनी दोन डावे पंख बनवले होते.

काकू आधी खूप हसल्या. खुर्चीत बसून, डोळ्यांना पदर लावून हसल्या. मग हसता हसता त्यांच्या मनात काहीतरी आलं आणि त्या एकदम उभ्या राहिल्या.

"तुमी मुद्दाम केलं."

"काय?"

"हे. अख्खी जिंदगी लोकायचे धुरे बोटाच्या फरकानं पकडले, आन तुमाले डावा-उजवा समजला नाही? जायाचं नाई म्हना नं सरळ पुन्याले. लाकडाच्या आडून काऊन सांगता?"

 काका नकाशाकडे बोट दाखवत राहिले. नकाशात एकच पंख काढलेला होता, डावा. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं की उजव्या पंखासाठी कागद उलटा करावा. ते त्यांनी वाचलं होतं. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी कधीही नकाशा उलटा केला नव्हता. उलटा नकाशा म्हणजे तुमचं वावर शेजाऱ्याचं, पूर्वेचा ओढा पश्चिमेला. ते म्हणाले, "अशानं त पूर्ण गावाचा निकाल लागते." ती ओळ म्हणजे छापणाऱ्याची चूक असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. नकाशात आहे तसाच पंख त्यांनी पुन्हा बनवला, आणि पहिल्यापेक्षाही सुबक बनवला.

माझा त्यांच्यावर लगेच विश्वास बसला. ही चूक दुसरा कुणी करूच शकला नसता. पण काकूंचा बसला नाही. त्यांनी अबोला धरला. घरात तीन माणसं, त्यातली मी भाडेकरू, आणि सगळं बोलणं माझ्यामार्फत. "त्यायले सांग, भाजीत मीठ कमी हाय." "तिले सांगा, मी घेतलं वरून." मीठ कुणीकडे आहे हेही ते सांगेनात, तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

हा अबोला सुटला तो भज्यांमुळे. चतुर्थीची पूजा आटोपून संध्याकाळी काकूंनी भजी केली आणि वर्तमानपत्रावर काढली. मी भजी प्लेटमध्ये घेऊन कागद उचलला तर तेल लागलं होतं तिथे मागच्या पानावरचं अक्षर आरपार दिसत होतं, उलटं. मी तो कागद तसाच काकांपुढे धरला. त्यांनी कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एक भजंही न खाता उठून गेले. थोड्या वेळानं बघते तर टेबलावर नकाशा पालथा, आणि काका कापसाच्या बोळ्यानं त्याच्या पाठीवर सरकीचं तेल लावत बसलेले, आणि तेलातून डावा पंख उलटा, म्हणजे उजवा होऊन, वर येत होता. आयुष्यभर नकाशाला घामाचा हात लागू दिला नाही त्या माणसानं. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "जास्त लावू नका, फाटन." त्या मला नाही, त्यांना म्हणाल्या होत्या.

आणि मग काकांनी उजवा पंख ज्या झपाट्यानं बनवला तो मी विसरू शकत नाही. जे काम आधी महिनोन्‌महिने रेंगाळलं ते काही दिवसांत उरकलं. जेवण टेबलाशीच. भाऊ आले तरी दोन हातांच्या विषयाला "आना नकाशा, मंग पाहू" म्हणून वाटेला लावलं. मला वाईट वाटायला लागलं होतं. पंख तयार होणं म्हणजे घर सुटणं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? पण आपण मुद्दाम चूक केली असं बायकोला वाटावं, हे त्यांना घर सुटण्यापेक्षा जास्त लागलं होतं. त्यांनी कधी तसं बोलून दाखवलं नाही. त्यांचे हात मात्र सांगत होते.

पंखांवर हिरवा-तपकिरी पातळ कागद इस्त्रीनं चिकटवायचा असतो. ती इस्त्री काकूंची. त्याचा परिणाम असा झाला की पुढच्या हळदी-कुंकवाला काकू त्याच इस्त्रीनं फिरवलेल्या साडीच्या खांद्यावर तपकिरी डाग घेऊन गेल्या आणि कुणी विचारलं की सांगत, "लढाईवर चाललो आमी."

उडवायला भाऊंचं वावर ठरलं. सोयाबीन निघालं होतं, जमीन वखरून सपाट केली होती. "माह्या वावरातून दोन हात नेले साहेबांनी," भाऊ म्हणाले, "आता तिथूनच उडवा. पाहू द्या मले, गेले कुठं ते." सकाळी वारा पडलेला होता. बातमी कुणी पसरवली देव जाणे, पण धुऱ्यावर बऱ्यापैकी गर्दी जमली होती. मी फोनवर मुलीला धरून उभी. तिच्या मांडीवर ती छोटी. काकूंनी ठेवणीतली साडी नेसली होती. काका रिमोट घेऊन उभे, पांढरा शर्ट, रिमोटचा गळ्यातला पट्टा नीट. 

मोटर सुरू झाली. विमान आधी हळू, मग वेगात मातीवरून धावत गेलं, मागे चाकांच्या दोन बारीक रेघा सोडत. एका ठिकाणी ते उसळलं. मग डावीकडे कललं, पंख मातीत घुसला, आणि पुढचा पंखा कडकन मोडला. हे सगळं इतक्या झटक्यात झालं की माझा "अरे" तोंडातच राहिला.

 आधी भाऊ बोलले. म्हणाले, "साहेब, वाईट वाटून घेऊ नका. पन हे काई उडालं नाई. हे उसळलं. माही म्हैस उसळते याच्याहून जास्त." लोक हसले. तेवढ्यानं जरा मोकळं झालं. फोनवरून मुलगी म्हणाली, "जाऊ द्या बाबा, कुणाला लागलं नाही ना? पुन्हा बनवा. आम्ही थांबू."

मी काकूंकडे बघितलं. त्या काकांकडे बघत होत्या. मोडक्या विमानाकडे नाही, त्यांच्याकडे. कितीतरी वर्षं ज्यासाठी भांडल्या, अबोला धरला, विकतच्या कुरड्या खाल्ल्या, ते सगळं त्या क्षणी त्यांनी बाजूला ठेवलं. मला ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. त्या पुढे आल्या आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "नाई उडालं. चला घरी. पुन्हा बनवा. मी थांबतो."

काका मान खाली घालून चालत निघाले. विमानाकडे नाही. चाकांच्या रेघांवरून. एका जागी थांबले आणि गुडघ्यावर बसले. मग पुढे सरकले, रांगल्यासारखे, जिथे पंख घुसला होता तिथपर्यंत. पुन्हा मागे आले. दोन्ही तळवे टेकून, माती न हलवता, बघितलं. मी आणि काकू जवळ गेलो. रेघा एका जागी संपल्या होत्या. पुढे वखरलेली साधी माती, काडीएवढीही खूण नाही. आणि मग जरा अंतरानं तो मोठा ओरखडा.

"इथं चाक सुटलं," ते म्हणाले. "आन तिथं पडलं. मधात काही नाही."

"हे काई मोजाचं हाय का?" भाऊ जवळजवळ विनवत होते. "साहेब, सोडा नं!"

"मधात काही नाही, म्हंजे तेवढं ते हवेत व्हतं." त्यांनी चप्पल काढली आणि अनवाणी पावलं टाकत ते अंतर मोजलं. किती भरलं ते त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. मग माझ्याजवळ येऊन त्यांनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"उडालं वं माय," ते पडद्यावरच्या लेकीला म्हणाले. आवाज साफ होता. "उडालं. आमी येऊन राह्यलो."

मला रडू आलं. भाऊ पाठ फिरवून उगाच बैलांना हाका मारायला लागले, जे त्या दिवशी तिथे नव्हतेच.   काकू काकांच्या समोर वाकल्या आणि त्यांच्या गुडघ्यांवरची माती पदरानं झटकत राहिल्या. माती केव्हाच निघून गेली होती, तरी.